'आपण' म्हणजे कोण? एका ठाणेकरांना उत्तर

ठाणेकर,

नाव न लिहिता नुसतं 'एक ठाणेकर' म्हणून तुम्ही प्रतिक्रिया टाकलीत, तेव्हा मीही तुम्हाला तसंच म्हणते. रविवारी सकाळी वाचली आणि समोरचा चहा निवून गेला. दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा पुसलं. पहिल्यात नुसताच राग होता, दुसऱ्यात उगाचच नम्रपणा. हे तिसरं.

ज्यांनी मागचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेबद्दलच्या माझ्या लेखात एक वाक्य होतं: दुसऱ्या महायुद्धात 'आपण इटलीत जर्मनांना मागे रेटलं'. त्यावर ठाणेकरांनी लिहिलं, की आपण म्हणजे कोण? लढाई इंग्रजांची, आणि पोटासाठी गेलेले हे भाडोत्री शिपाई. त्याच वेळी इथे भाई कोतवाल सिद्धगडावर गोळ्या खात होते आणि बंगालात माणसं अन्नावाचून मरत होती. आजोबांचं कौतुक घरात करा, त्याला इतिहास म्हणून खपवू नका. शिवाय तुम्ही लिहिलंत तसे यशवंत घाडगे इटलीतल्या कॅसिनोच्या लढाईत पडले नाहीत, एवढं तरी तपासायचं होतं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे माझी चूक उघड आहे. नाईक यशवंत घाडगे पडले ते १० जुलै १९४४ ला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. कॅसिनोची लढाई त्याच्या आधीच, मे महिन्यात संपली होती. कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे, तिथे माझा गोंधळ झाला. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

पण घाडगे निघालेच आहेत तर थोडं थांबू या. माणगाव तालुक्यातला बावीस वर्षांचा पोरगा. हाताखालची सगळी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात काही मेली, काही जखमी झाली, एकटे हेच उभे राहिले. धावत जाऊन हातबॉम्ब टाकला, गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदुकीचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्याच तडाख्याने संपवलं. तेवढ्यात लपून बसलेल्या नेमबाजाची गोळी लागली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमचे आजोबा त्याच तालुक्यातले आणि त्याच पलटणीतले. घाडग्यांचा विषय निघाला की आजोबा एवढंच म्हणायचे, "बरा पोरगा होता. हसायचा फार." शौर्याबिर्याबद्दल अक्षर नाही.

आता 'भाडोत्री'. आजोबा पलटणीत भरती झाले १९३८ साली. तेव्हा हिटलर कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, चर्चिलही नव्हता ठाऊक. ठाऊक होतं ते खोताचं देणं, आणि घरातली चार भावंडं. बेळगावच्या डेपोत दोन वेळचं जेवण, अंगावर कपडा, आणि गावी मनीऑर्डर. पोटासाठी गेले, अगदी खरं. पण मग गिरणीत कोण हौसेने गेलं? गोदीत कोण गेलं? युद्ध संपेपर्यंत पंचवीस लाखांच्या आसपास हिंदी माणसं या फौजेत आली आणि त्यातली सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास परत आली नाहीत. एवढ्या सगळ्यांना एका शब्दात बसवायचं म्हटलं की शब्द फाटतो. त्यात असेही होते ज्यांच्यासाठी गणवेश म्हणजे नुसता पगार नव्हता. महारांची पलटण पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी मोडून टाकली होती. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, आणि ती उभी राहावी म्हणून डॉ. आंबेडकर सतत पाठपुरावा करत होते. गावच्या विहिरीवर ज्याला जाऊ देत नव्हते त्याने खांद्यावर बंदूक घेतली, तर त्याला आपण आज ऐंशीहून जास्त वर्षांनी भाडोत्री म्हणायचं? मला नाही जमत.

आणि तुम्हाला कदाचित न पटणारी गोष्ट सांगते. भाडोत्री माणूस पगार वाढवून मागतो. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौदलाच्या 'तलवार' या केंद्रातल्या खलाशांनी संप केला, तेव्हा पगार आणि जेवणाच्या मागण्या होत्याच. पण त्याच यादीत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा आणि इंडोनेशियात पाठवलेलं हिंदी सैन्य मागे घ्या, याही मागण्या होत्या. वीस हजारांच्या आसपास खलाशी उठले. तुम्ही ठाणेकर म्हणवता म्हणून मुद्दाम लिहिते, आपल्या ठाण्यात 'अकबर' नावाचं नौदलाचं प्रशिक्षण केंद्र होतं, तिथलेही त्यात होते. राजाच्या मीठभाकरीवर वाढलेल्या त्याच पोरांनी सहा वर्षांत युनियन जॅक उतरवला. हे कसं झालं हे समजून घ्यायचं तर आधी त्यांना शिपाई म्हणून बघावं लागतं, भाडोत्री म्हणून बघितलं की ते दिसतच नाही.

'आपण' या शब्दावर मात्र मी अर्धी माघार घेते. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं तेव्हा इथल्या एकाही लोकप्रतिनिधीला विचारलं नव्हतं. प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, मुंबईत खेर मंत्रिमंडळानेही दिला. म्हणजे लढायचं ठरवणारे 'आपण' नव्हतो, हे कबूल. पण बिल आलं तेव्हा त्यावर नाव आपलंच होतं. माझ्या लेखात हे बिल आलंच नाही. तुमच्या प्रतिक्रियेतली मला खरी टोचलेली गोष्ट ही आहे.

तर ते बिल. माझ्यासमोर आत्ता टेबलावर तांब्याचा एक पैसा आहे, मधोमध भोक असलेला. चहाच्या कपात सोडला तर तळाशी हरवेल एवढाच. एका बाजूला १९४३ हे साल. आजीने तो काळ्या करगोट्यात ओवून माझ्या वडिलांच्या कमरेला बांधला होता, भोकाच्या कडा घासून गुळगुळीत झाल्यात. हा पैसा भोकाचा का? तर युद्धामुळे धातूची टंचाई होती, म्हणून सरकारने नाण्यातलं मधलं तांबं काढून घेतलं. लहानपणी मला वाटायचं की ते भोक करगोट्यासाठीच पाडलेलं असतं.

पण धातूपेक्षा मोठी गोष्ट कागदाची होती. इंग्रज सरकार इथून कापड, धान्य, बूट, तंबू, चामडं उचलत होतं आणि त्याचे पैसे लंडनमध्ये आपल्या खात्यावर जमा दाखवत होतं. हातात काही नाही, नुसती नोंद. त्या नोंदीच्या जोरावर इथे रिझर्व्ह बँक नोटा छापत होती. युद्धाच्या काळात चलनातल्या नोटा पाचपटीहून जास्त झाल्या, बाजारात माल मात्र कमी. महागाईला दुसरं कारण शोधायलाच नको. युद्ध संपलं तेव्हा इंग्लंड आपलं सुमारे १३० कोटी पौंडांचं देणं लागत होतं, म्हणजे जगातल्या एका गरीब देशाने जगातल्या एका श्रीमंत देशाला उधार दिलं होतं. आमच्या आजीला हे कळत नव्हतं, तिला एवढंच कळत होतं की रॉकेल मिळत नाही आणि तांदूळ रेशनवर आलाय. 'काळाबाजार' हा शब्द तिने तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

बंगालचं तुम्ही लिहिलंत. त्यात माझ्याकडे वाद घालण्यासारखं काही नाही. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतला, तिथला तांदूळ बंद झाला. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून किनाऱ्यालगतच्या भागात दहाहून जास्त माणसं नेणाऱ्या हजारो नावा सरकारने काढून घेतल्या किंवा मोडल्या. जिथे रस्ता म्हणजे नदी, तिथे नाव गेली की मासळीही गेली आणि धान्याची वाहतूकही. त्यात १९४२ चं चक्रीवादळ. धान्यासाठी जहाजं मागितली तर लंडनहून टाळाटाळ. वीस ते तीस लाख माणसं मेली असं अभ्यासक मानतात. लढाईत गेलेल्या हिंदी शिपायांच्या कितीतरी पट. हे मी माझ्या लेखात एका ओळीतही लिहिलं नाही, ही माझी उणीव.

पण तुम्ही जिथे आजोबा एका बाजूला आणि भाई कोतवाल दुसऱ्या बाजूला अशी रेघ ओढता, तिथे मी अडते. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल माथेरानचे, नाभिक समाजातले, वकील झालेले. सावकाराच्या तावडीतून शेतकरी सुटावा म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झाले, 'आझाद दस्ता' उभा केला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. का पाडले? कारण त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालत होत्या आणि गिरण्या फौजेला कापड पुरवत होत्या. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाडजवळ सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठलं. ते आणि हिराजी पाटील तिथेच गेले.

आता बघा. कोतवालांनी ज्या गिरण्या बंद पाडायचा प्रयत्न केला, तसल्याच गिरण्यांचं कापड आजोबांच्या अंगावर होतं. माणगाव आणि माथेरान दोन्ही तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. एक सावकाराशी लढायला उभा राहिला, दुसरा खोताच्या देण्यामुळे पलटणीत गेला. माझ्या आजीच्या माहेरी तर एक चुलत भाऊ चळवळीत तुरुंगात आणि दुसरा इराकमध्ये ट्रक चालवत होता, आणि गणपतीला दोघांच्या नावाने एकच नारळ फुटायचा. कोण देशभक्त यावर त्या घरात भांडण झालं असेल तर ते माझ्यापर्यंत आलेलं नाही. भांडण झालं ते जमिनीच्या वाटणीवरून.

आजीचा सख्खा भाऊ, आमचे मामा, मुंबईच्या गोदीत होता. १४ एप्रिल १९४४ म्हणजे काय हे त्याला विचारू नये असं आम्हाला लहानपणी बजावलेलं. 'फोर्ट स्टिकिन' जहाजात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, आणि त्याच पोटात कराचीहून भरलेल्या कापसाच्या गासड्या. दारूगोळा आणि कापूस एकत्र भरू नये हे शेंबडं पोर सांगेल, पण युद्धाच्या घाईत चालून गेलं. दुपारी चारनंतर पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. ६६ अग्निशमन जवान गेले, एकूण मेलेल्यांचा नीट हिशेब कधी लागलाच नाही. मामांचा डावा कान कायमचा गेला. जेवायला बोलवायचं तर उजव्या बाजूने जाऊन हाक मारायची. ते कुठल्या फौजेत नव्हते, कुठल्या चळवळीतही नव्हते. त्यांना तुमच्या रेघेच्या कुठल्या बाजूला ठेवू?

आणि जे युद्ध 'इंग्रजांचं' म्हणून तुम्ही हातावेगळं करता, ते आपल्या जिल्ह्यात अजून चालू आहे. उल्हासनगरला जाणाऱ्या रिक्षावाल्याला विचारा, तो 'कॅम्प नंबर चार' म्हणेल. कुठला कॅम्प? कल्याणजवळचा लष्करी कॅम्प. युद्ध संपल्यावर रिकाम्या पडलेल्या त्या बराकींत फाळणीनंतर लाखभर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. नाव बदललं, जिभेवरचा कॅम्प तसाच राहिला. त्याहून पुढे नेवाळीला जा. युद्धात धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. लढाई संपली की परत मिळतील असं आजे-पणजे सांगून गेले, असं तिथली माणसं म्हणतात. २२ जून २०१७ ला त्या जमिनीवरून रस्ते अडले, गाड्या जळल्या, पोलीस आणि गावकरी दोघेही जखमी झाले. टीव्हीवर बातमी बघताना आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले, "हे काय नवीन काढलंय?" नवीन कुठे, पंचाहत्तर वर्षांचं जुनं होतं.

म्हणून मी 'आपण' हा शब्द पूर्ण काढून टाकायला तयार नाही. काढला तर इटलीतल्या आजोबांबरोबर नेवाळीचा शेतकरीही जातो आणि बहिरे मामाही जातात. मग उरतं ते चर्चिल आणि हिटलरचं युद्ध, आणि त्या दोघांवर लिहिणारे खंडीभर आहेत. एवढं करते: मूळ वाक्यात आता 'मराठा पलटणींनी इटलीत जर्मनांना मागे रेटलं' असं लिहिलं आहे, आणि त्याच्या खाली बंगालचा परिच्छेद घातला आहे. 'आपण' पुढच्या परिच्छेदात येतं, जिथे रेशन आणि महागाई आहे.

'कौतुक घरात करा' असं म्हणालात, ते थोडं लागलं. घरात कधी झालंच नाही हो ते. लढाईवरून आल्यावर आजोबांनी ठाण्यातल्या एका कारखान्यात वीस वर्षं रात्रपाळीची रखवालदारी केली आणि पदकं ट्रंकेत धोतराच्या घडीखाली ठेवली. मी कॉलेजात असताना एकदा इटली कशी होती विचारलं, तर म्हणाले, "चिखल. आणि द्राक्षाच्या बागा. लोक भाकरी द्यायचे, आपल्यासारखेच गरीब." मग रेडिओवर बातम्या लागल्या आणि ते उठून गेले.

ठाण्यातल्या त्या नौदल केंद्राबद्दल तुमच्या ओळखीत कुणाकडे आठवणी असतील तर जरूर कळवा. आडनाव लिहिलं नाहीत तरी चालेल.