‘फुंकलं की वाजतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी

परवा तो मेसेज मला तिसऱ्यांदा आला. आधी सोसायटीच्या गटावर, मग शाळेच्या जुन्या मित्रांकडून, आणि आता थेट बहिणीकडून, पुढे नुसतं एक प्रश्नचिन्ह लावून. तिची मुलगी, वय वर्षं नऊ, गेले सात महिने दर रविवारी माझ्याकडे ब्लूज हार्मोनिका, म्हणजे माउथ ऑर्गनवर अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ब्लूज संगीत, शिकायला येते. त्यामुळे ते प्रश्नचिन्ह माझ्याच नावाचं होतं.

ज्यांना मेसेज आला नसेल (असं कोणी उरलंय का, शंका आहे) त्यांच्यासाठी थोडक्यात: माउथ ऑर्गन हे वाद्य नाही, खेळणं आहे. फुंकलं की आपोआप सुरात वाजतं, त्यामुळे मुलाचा कान तयार होत नाही. आधी दोन वर्षं पेटी शिकवा. ब्लूज म्हणजे रडगाणी, ती लहान मुलांसाठी नाहीत. शिकवायचंच असेल तर रोज तासभर समोर बसवा आणि चुकलं की तिथल्या तिथे थांबवा. फायदा एकच, दमा बरा होतो. खाली दोन हात जोडलेले आणि ‘सर्व पालकांनी जरूर वाचावे’.

मी संगीतशिक्षक नाही. नोकरी सांभाळून पंचवीस वर्षं हार्प (ब्लूजवाले माउथ ऑर्गनला हेच म्हणतात) वाजवणारा हौशी माणूस आहे. पण यातलं एकेक वाक्य वाचून जे वाटलं ते लिहितो.

खेळणं? खेळण्यांच्या दुकानात मिळतं, हे मान्य. स्वस्त होतं म्हणूनच ते जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावातून अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शेतमजुरांच्या पोरांपर्यंत पोचलं. होनर कंपनी तिथे १८५७ साली सुरू झाली. ज्या ‘मरीन बँड’ नावाच्या दहा भोकांच्या हार्पवर ब्लूजची पहिली पिढी वाजवायला शिकली, तो १८९६ चा. शिकागोचा ब्लूजवादक ज्युनिअर वेल्स स्वतःची एक गोष्ट सांगायचा. बारा वर्षांचा असताना त्याने गहाणवटीच्या दुकानात एक हार्प पाहिला, किंमत दोन डॉलर. आठवडाभर राबून हाती आले दीड. त्याने दीड डॉलर गल्ल्यावर ठेवले, हार्प उचलला आणि पळाला. प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीशाने ‘असं का केलंस’ विचारलं, वाजवून दाखव म्हटलं, ऐकलं, आणि उरलेला अर्धा डॉलर स्वतःच्या खिशातून भरून खटला निकालात काढला. मुलाला प्रोत्साहन देण्याची याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही. (चोरीचं समर्थन करत नाही, लगेच मेसेज नकोत.)

आता मुख्य मुद्दा. ‘फुंकलं की आपोआप सुरात वाजतं.’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने दहा भोकांचा हार्प तोंडाला लावलेला नाही, एवढं मी पैजेवर सांगतो.

पांढरी एकचा, म्हणजे C पट्टीचा, हार्प घ्या. चौथ्या भोकापासून सातव्यापर्यंत सा रे ग म सरळ मिळतो, कधी फुंकून, कधी श्वास आत ओढून. पण त्याच्या खालच्या सप्तकात या. फुंकून सा, ग, प. ओढून रे, प, नी. म कुठे आहे? ध कुठे आहे? नाहीत. कारखान्यातून ते घालूनच पाठवत नाहीत, कारण जर्मन लोकगीतांना साथ करताना तिथे नुसते भरघोस कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, वाजले तरी पुरत होतं. म हवा असेल तर दुसऱ्या भोकातला ओढलेला प तोंडातल्या तोंडात दोन पायऱ्या खाली वाकवायचा. ध हवा असेल तर तिसऱ्यातला नी वाकवायचा. ह्याला बेंड म्हणतात. प्रत्येक भोकात दोन रीड, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पातळ पट्ट्या, असतात, एक फुंकरीचा, एक ओढीचा. जीभ मागे-खाली नेऊन तोंडातली पोकळी बदलली की वरचा सूर खाली येतो, दोघांतल्या खालच्या सुराच्या जवळ येईपर्यंत. म्हणून तिसऱ्या भोकात नी, कोमल नी, ध, कोमल ध असे चार सूर एका श्वासात आहेत आणि पाचव्यात एकही धड वाकत नाही. तिथे दोन रीडमध्ये अंतरच अर्ध्या सुराचं.

ह्या चार सुरांच्या मध्ये कुठेही खूण नाही, पट्टी नाही, पडदा नाही. ध नेमका कुठे आहे हे फक्त कानाला कळतं. आणि हे वाद्य म्हणे कान तयार करत नाही.

त्यात एक गंमत सांगतो, कारण तिच्यापायी बऱ्याच मुलांचा हार्प कपाटात जातो. नवशिक्याने दुसरं भोक ओढलं की घुसमटल्यासारखा, बसका सूर येतो. मूल म्हणतं, खराब आहे. बाबा ओढून बघतात, त्यांचाही तसाच येतो. दोघं दुकानात जाऊन बदलून आणतात, नव्याचंही तेच. हार्प चांगलाच असतो. न कळत दोघंही सूर वाकवत असतात. जबडा सैल सोडून, पोटातून, हळू श्वास घेतला की एक दिवस तोच सूर मोकळा होतो. माझ्या भाचीला सहा आठवडे लागले. मला स्वतःला किती लागले ते सांगत नाही.

‘आधी दोन वर्षं पेटी.’ ह्यात अर्धं खरं आहे. भाची सारेगम पेटीवरच शिकली आणि त्याचा मला फार उपयोग होतो. ‘तिसऱ्याचा कोमल नी दे’ म्हटलं की तिला लगेच कळतं. पण पेटी ही आधीची पायरी आणि हार्प ही पुढची, असं नातं नाही. दोन्ही एकाच कुळातली, हवेने थरथरणाऱ्या रीडची वाद्यं. फरक एवढाच की पेटीचा रीड लाकडी पेटीत बंद असतो आणि हार्पचा थेट तोंडात. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप काय होता? सूर ठरलेले, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. पेटीच्या मोठ्या वादकांनी त्याला आपापल्या बोटांनी उत्तरं दिली, तो वाद मी उकरत नाही. पण जी मींड पेटीला नाकारली गेली ती ह्या हातभर नव्हे, वीतभरही नसलेल्या वाद्यात आहे, आणि नऊ वर्षांची मुलगी ती काढते. तिला आधी दोन वर्षं ठरलेल्या सुरांवर बसवायचं, ते का?

शिवाय ब्लूज पांढरी एकच्या हार्पवर पांढरी एकमध्ये वाजवतच नाहीत. पांढरी पाचमध्ये वाजवतात. ओढीचं दुसरं भोक हा सा धरायचा. पहिली चार भोकं एकत्र ओढली की प, सा, ग, प असा भरदार कॉर्ड मिळतो, आणि वर जाताना पाचव्या भोकात ओढून कोमल नी. म्हणजे चौकट आपल्या खमाज थाटाची. फुंकण्यासाठी केलेलं वाद्य अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या वादकांनी ओढून वाजवायला घेतलं, कारण ओढीचे सूर खाली वाकतात आणि रडतात, हसतात, कुरकुरतात. ब्लूजचा ग तर शुद्ध आणि कोमल यांच्या मध्ये कुठेतरी राहतो. त्याचा पत्ता कुठल्याही पेटीवर नाही.

आता रडगाणी. ब्लूजमध्ये दुःख आहे, नाही कोण म्हणतो. पण हार्मोनिकावरचा जुना ब्लूज ऐकलात तर त्यात सगळ्यात जास्त काय सापडतं? आगगाडी. कोल्ह्यामागे लागलेले कुत्रे. कोंबड्या. जेम्स कॉटनने आईला हार्मोनिकावर कोंबड्या आणि आगगाड्यांचे आवाज काढताना ऐकलं आणि तिथून त्याची सुरुवात झाली. नऊ वर्षांचा असताना तो सनी बॉय विल्यमसन या हार्पवादकाकडे जाऊन राहिला, पुढे ब्लूजगायक मडी वॉटर्सच्या बँडमध्ये वाजवू लागला. टेनेसीतला डीफोर्ड बेली, जन्म १८९९, तीन वर्षांचा असताना पोलिओने वर्षभर अंथरुणाला खिळला. हात आणि मान तेवढे हलत होते. त्या वर्षात त्याने हार्मोनिका आपलीशी केली. मोठेपणी नॅशव्हिलच्या रेडिओवर तो ‘पॅन अमेरिकन’ नावाच्या गाडीची अशी नक्कल वाजवायचा की इंजिन लांबून येतं, शिट्टी देतं, आणि निघून जातं. त्यासाठी दुःखाचा अनुभव लागत नाही, गाडी नीट ऐकलेली असावी लागते.

आमची सुरुवात तिथूनच झाली. पहिल्या रविवारी गाणं नाही, सूर नाही. पहिली तीन भोकं एकदम तोंडात धरायची, दोनदा ओढायचं, दोनदा फुंकायचं, हळू. मग जरा जोरात. दहा मिनिटांत आमच्या दिवाणखान्यातून लोणावळ्याची लोकल निघाली. चढावर दमली, दम घ्यायला थांबली, पुन्हा निघाली. शिट्टीसाठी चौथं-पाचवं भोक एकत्र ओढायचं, हे तिने आपलं आपण शोधलं. श्वास कुठे संपतो, कुठे घ्यायचा, ताल कसा सुटू द्यायचा नाही, हे सगळं त्या लोकलमध्ये शिकून झालं आणि तिला ते शिकवलंय हे कळलंही नाही.

‘चुकलं की तिथल्या तिथे थांबवा.’ इथे मला कबुली द्यावी लागेल, कारण हे मी करून बसलोय. तिसऱ्या महिन्यात ती चौथ्या भोकावर बेंड काढायचा प्रयत्न करत होती. ‘ई’ म्हणता म्हणता ‘ऊ’ म्हणायला तोंड करावं तसं करायचं, एवढंच तिला माहीत होतं. आवाज येत होता तो दाराच्या बिजागरीसारखा. मी पेपर वाचत होतो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘बेसूर होतंय गं.’ तिने हार्प डबीत ठेवला. पुढचे दोन रविवार तिला ‘अभ्यास’ होता.

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, ती चुकत नव्हतीच. पांढरी पाचच्या सा वरून पाहिलं तर चौथ्याचा प आणि तीव्र म यांच्या मधल्या गल्लीत ती चाचपडत होती. बेंड शिकण्याचा दुसरा रस्ताच नाही. आधी काहीच होत नाही, मग सूर नुसता गुदमरतो, मग अचानक घसरतो आणि सावरत नाही, मग कधीतरी जिथे हवा तिथे थांबतो. बिजागरीचा आवाज ही त्यातली तिसरी पायरी होती. मी तिला बढतीच्या दिवशी झापलं.

आता मी काय करतो सांगतो. एक, पेपर खाली ठेवतो. दोन, ‘वा वा, किती छान’ म्हणत नाही, कारण तिला कळतं की छान झालेलं नाही, आणि मग पुढच्या खऱ्या वा वा ला किंमत राहत नाही. जे झालं ते सांगतो: ‘आज सूर खाली गेला आणि परत वर आला, मागच्या वेळी वर येत नव्हता.’ आणि तिसरं, तिच्याबरोबर वाजवतो. ब्लूजचा ठरलेला बारा मात्रासमूहांचा साचा असतो, चारचारचे तीन तुकडे. पहिल्यात एक गोष्ट सांगायची, दुसऱ्यात तीच पुन्हा, तिसऱ्यात तिचं उत्तर. आपल्याकडचा सवाल-जवाब डोळ्यांसमोर आणा. मी दोन ओळी टाकतो, ती उत्तर देते. उत्तर आधी ठरलेलं नसतं, त्यामुळे चुकीचंही नसतं. फार तर तालाबाहेर जातं, आणि ते तिचं तिला माझ्याआधी कळतं. हार्प येत नसेल त्या आईबाबांनी नुसती मांडीवर थाप धरून ठेवली तरी चालतं. थाप मात्र सोडायची नाही.

रोज तासभर? नवशिक्या मुलाला दहा मिनिटांत ओठ दुखतात आणि जोरजोरात श्वास घेऊन चक्कर आल्यासारखंही होतं. सकाळी दहा, संध्याकाळी दहा, पुष्कळ झालं. त्याऐवजी ऐकायला लावा. लिट्ल वॉल्टरचं ‘जूक’ हे १९५२ सालचं, शब्दच नसलेलं, नुसतं हार्पचं गाणं. अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत ते आठ आठवडे पहिलं होतं. वॉल्टर तेव्हा बावीसचा. भाची ते शाळेच्या बसमध्ये गुणगुणते अशी तक्रार आहे. मी ती प्रगतिपुस्तक म्हणून ठेवली आहे.

दमा: माउथ ऑर्गन औषध नाही. फुफ्फुसांच्या रुग्णांसाठी काही ठिकाणी श्वासाचा व्यायाम म्हणून तो वापरतात, हे खरं आहे. पण मुलाला दमा असेल तर डॉक्टरांना विचारा आणि इन्हेलर बंद करू नका. खाल्ल्यावर चूळ भरून वाजवा, आणि एकाचा हार्प दुसऱ्याने तोंडाला लावू नका, एवढी आरोग्यशास्त्राची माझी मजल.

हे सगळं मी बहिणीला पाठवलं. तिचं उत्तर आलं, ‘बरं. मेसेज टाकणाऱ्या काकू विचारतायत, नातवाला कुठला घेऊ?’

काकू, दहा भोकांचा डायटॉनिक, पांढरी एकचा. दुकानदार पहिल्यांदा चोवीस भोकांचा, दोन मजली, काचेच्या कपाटातला पुढे करेल. तो ट्रेमोलो. एकेका सुराला किंचित फरकाने लावलेले दोन रीड असतात म्हणून आवाज लहरतो, जुन्या हिंदी गाण्यांना गोड लागतो, पण त्याच्यावर बेंड निघत नाही. मी भाचीला आधी गडबडीत तोच आणला होता. तीन आठवडे पोर त्याच्याशी झगडत होती आणि मी म्हणत होतो, जमेल, जमेल.