कात्री कुठे आहे?

रोपवाटिकेतल्या माणसाने वेल माझ्या हातात देताना तीन गोष्टी सांगितल्या. बारा महिने हिरवी राहते, फुलली की घमघमाट सुटतो आणि एकदा रुजली की फारसं काही करावं लागत नाही. पहिल्या दोन गोष्टींवर मी भाळलो. तिसरी कानाआड केली. काही करायचंच नसेल तर माणसाने बाग लावायची कशाला?

कुठलीही गोष्ट तिची तिला होऊ देणं मला जमत नाही. लिफ्टचं बटण दाबलेलं दिसत असलं तरी मी ते पुन्हा दाबतो. अशा माणसाच्या हाती वेल पडली, यात वेलीचा काही दोष नव्हता.

वेलीचं नाव स्टार जॅस्मिन. घरी आणल्यावर मी तिच्या कुळाची चौकशी केली (ती आधी करायची असते, मान्य). तेव्हा कळलं की बाई जॅस्मिन नाहीतच. जाई, जुई, मोगरा हे सगळे एका घरातले. हिची भावकी कण्हेर, सदाफुली आणि चाफ्याशी. 'ट्रॅकेलोस्पर्मम जॅस्मिनॉइडीस' या भारदस्त नावाच्या शेवटच्या तुकड्याचा अर्थच मुळी 'जॅस्मिनसारखी'. म्हणजे फसवणूक म्हणावी तर तिची लेखी कबुली आधीच दिलेली. पान खुडलं की चाफ्यासारखाच पांढरा चीक येतो. माझ्या दोन शर्टांवरून तो अजून गेलेला नाही.

मूळची ती पूर्व आशियातली. रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या वनस्पतिसंग्राहकाने १८४४ साली शांघायहून ती इंग्लंडला धाडली. एवढा समुद्र ओलांडून ती पोचली, रुजली, वाढली. माझ्याकडे मात्र तिला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतचा प्रवास सोसवेना.

तो प्रवास अर्थातच मी घडवलेला. पूर्वेच्या भिंतीपाशी ऊन कमी पडतंय असं वाटलं, म्हणून कुंडी पश्चिमेला नेली. तिथे दुपारी पानं मलूल दिसली, म्हणून फाटकाशी. फाटकाशी वारा फार, म्हणून परत पूर्वेला.

"अहो, किती वेळा बदली करणार तिची?" बायको म्हणाली. "सरकारी नोकरीत आहे का ती?"

पहिल्या वर्षी वेल वीतभरही वाढली नाही. नवी वेल आधी मातीखाली आपला संसार मांडते आणि मग वर बघते, हे आज मला ठाऊक आहे. तेव्हा मी रोज खुरप्याने माती उकरून मुळं वाढताहेत का ते बघत होतो.

दुसऱ्या वर्षी फुटवे आले. हिला द्राक्षासारखे तणावे नसतात. ती आपलं खोडच आधाराभोवती गुंडाळत वर चढते. मी कुंडीला उंच जाळी लावून दिली. पण एक कोंब जाळीपासून चार बोटांवर नुसताच हवेत झुलत राहिला. मला दया आली. मी त्याला धरून जाळीला तीन वेढे दिले. सकाळी पाहतो तो वेढे सैल पडून कोंब पुन्हा हवेत. पुन्हा दिले, पुन्हा सुटले. चौथ्या दिवशी सुतळीने आवळून बांधला, तेव्हा मात्र सुटला नाही. टोक काळं पडून वाळला.

मग वाचन केलं. (माझं वाचन नेहमी काहीतरी वाळल्यावर होतं.) वेलीची गुंडाळी घ्यायची दिशा ठरलेली असते. बहुतेक वेलींच्या जातीत ती एकच असते आणि आपण उलटं गुंडाळलं तर वेल ते निमूटपणे सोडवून घेते. कोंब झुलतो तोही उगाच नाही. टोक गोल गोल फिरवत तो आधार शोधत असतो. चार्ल्स डार्विन आजारपणात खोलीत अडकून पडला होता, तेव्हा त्याने हॉप नावाच्या वेलीची कुंडी जवळ ठेवून तिचे फेरे रात्रंदिवस मोजले. उबदार हवेत एका फेऱ्याला सरासरी दोन तास आठ मिनिटं लागतात, असं त्याने १८६५ मध्ये नोंदवून ठेवलंय. विज्ञानाचं सोडा, मला त्या माणसाच्या धीराचं नवल वाटलं. दोन तास आठ मिनिटं नुसतं बघत बसायचं! मी तिसऱ्या मिनिटाला सुतळी काढली असती.

खताचं थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की लाज वाटते. फुलं येत नाहीत म्हणून मी खत घातलं. नेमकं नत्र भरपूर असलेलं. नत्राने पानं फोफावतात, कळ्या मागे राहतात. पानं इतकी तकतकीत झाली की शेजारच्या काकांनी नखाने टोचून पाहिलं आणि विचारलं, "प्लास्टिकची का हो?"

त्यातलीच काही पानं एक दिवस तांबडी पडून गळायला लागली. सदाहरित म्हणजे पान गळत नाही अशी माझी समजूत. मी तीन फवारण्या केल्या, पाणी तोडलं, पाणी वाढवलं. पुढे कळलं की सदाहरित झाडही जुनी पानं टाकतंच, फक्त सगळी एकदम टाकत नाही. आपले केस नाही का गळत? माझे मात्र त्या महिन्यात जरा जास्तच गळले.

खरा घोळ छाटणीचा. दर वर्षी थंडी सरता सरता मी कात्री घेऊन वेलीला व्यवस्थित आकार द्यायचो. लांब, वेड्यावाकड्या फांद्या काढून टाकायचो. फुलं यायची नाहीत. मग मी आणखी कडक छाटणी करायचो. हिला कळ्या प्रामुख्याने आदल्या वर्षीच्या फांद्यांवर येतात, हे मला तीन छाटण्यांनंतर कळलं. म्हणजे आकाराच्या नावाखाली मी त्या वर्षीचा सगळा बहर टोपलीत भरून टाकत होतो, आणि शिवाय पानं स्वच्छ दिसतात म्हणून खूशही होत होतो.

चौथ्या वर्षी मी कुंडी पाचव्यांदा हलवायचं ठरवलं. वाकलो, दोन्ही हातांनी धरली आणि उचलली. कुंडी जागची हलली नाही. मी हललो. कमरेत असा काही आवाज झाला की काका पलीकडून "कोण पडलं?" म्हणत आले.

तीन आठवडे अंथरूण, त्यापुढे कित्येक दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बायकोने माझा पलंग खिडकीशी लावून दिला. बाहेर जाळी, जाळीवर वेल. मनात म्हटलं, डार्विनला जमलं तर आपल्याला का नाही? उशाशी घड्याळ ठेवून एका कोंबावर नजर रोखली. आमच्या वेलीच्या एका फेऱ्याला किती वेळ लागतो ते मी सांगू शकणार नाही, कारण प्रत्येक फेऱ्यात मध्येच माझा डोळा लागला. पण जाग यायची तेव्हा कोंब पुढे गेलेला असायचा. एका दुपारी जागा झालो तर त्याने जाळी पकडली होती. कोणीही सुतळी लावली नव्हती.

ऊन तापायला लागलं आणि कळ्या आल्या. मग फुलं. पाच पाकळ्या एकाच बाजूला मुडपलेल्या, थेट भिरभिऱ्यासारख्या. उमलताना पांढरीशुभ्र, मग सायीच्या रंगाकडे झुकणारी. संध्याकाळी फाटकातून आत येणारा माणूस पाऊल अडखळून थांबायचा. घरात आम्हाला मात्र थोड्या वेळाने काहीच जाणवेनासं व्हायचं. एकाच वासात बसून राहिलं की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. मी त्यावरही उपाय काढला. हिंडण्याफिरण्याची परवानगी मिळाल्यावर दर दहा मिनिटांनी घराच्या मागच्या टोकाला जाऊन नाक मोकळं करून यायचो.

अशाच एका फेरीत वेलीजवळ उभा राहिलो. सगळी फुलली होती, फक्त उजवीकडची एक फांदी जाळी सोडून विचित्रपणे बाहेर आली होती. एकच. अगदी जराशी टोकाला घेतली असती तर चौकट कशी नीट दिसली असती. मी अवजारांच्या खोक्यात हात घातला. खुरपं होतं, सुतळी होती, फवारणीचा पंप होता.

"अगं, कात्री कुठे आहे?"

"माझ्याकडे," बायको आतून म्हणाली. "बहर ओसरला की मागा."