28 की 12? ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम’चा हिशोब

‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम : इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द. 28 अक्षरे, 11 सिलॅबल. अर्थ, प्रस्थापित व्यवस्थेला विरोध. प्रत्येक तुकडा सारख्या जोराने म्हणा, जमलंच!’ असा एक फॉरवर्ड फिरतोय. त्यातलं जवळपास काहीच धड नाही.

सर्वांत लांब? नाही. ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ 29 वर्णांचा (म्हणजे लिहिताना येणाऱ्या इंग्रजी लेटर्सचा) आहे, आणि फुप्फुसाच्या एका रोगाचं मुद्दाम लांबवलेलं नाव 45 वर्णांचं.

28 हे वर्ण. मराठी छंदशास्त्रात अक्षर म्हणजे एका स्वरासह येणारा उच्चार, म्हणजेच सिलॅबल. अनुष्टुभाच्या चरणात 8 मोजतो ती. तशी कान लावून मोजली तर इथे 12 भरतात: अँ·टि·डिस्·इ·स्टॅब्·लिश्·मन्·टे·रि·अ·नि·झम्. मग 11 कुठून आले? कोशात ओळ तोडायच्या जागा दाखवतात, तिथे शेवटचे ‘आय-एस-एम’ सहसा एकत्रच ठेवतात. तो छपाईचा नियम झाला. बोलताना ‘झ’ आणि ‘म’ यांच्यात पुसट ‘अ’ येतोच.

सारखा जोर हा सल्ला सर्वांत घातक, कारण मराठी माणूस न सांगताही तेच करतो. आपल्याकडे लघु-गुरू आहे, इंग्रजीसारखा आघात, म्हणजे ठरावीक अक्षरावर जास्त जोर, नाही. मुख्य आघात 8व्या अक्षरावर, ‘टे’वर, दुय्यम ‘अँ’ आणि ‘स्टॅब्’वर. ‘एस्टॅब्लिशमेंट’मध्ये मुख्य आघात ‘टॅब्’वर असतो, पण ‘-एरिअन’ लागलं की तो पुढे सरकतो. ‘व्हेजिटेबल’मध्ये सुरुवातीला जोर, ‘व्हेजिटेरिअन’मध्ये ‘टे’वर, ‘पार्लमेंट’चं ‘पार्लमेंटेरिअन’ होताना तेच. ‘मेंट’ ठासून म्हणून थांबलात की गाडी अडकलीच. तिथे फिका ‘मन्’ म्हणा. ‘ट’ पुढच्या अक्षराला जातो.

सराव शेपटीकडून करावा: टेरिअनिझम, मन्‌टेरिअनिझम, लिश्‌मन्‌टेरिअनिझम, स्टॅब्लिश्‌मन्‌टेरिअनिझम. हे सलग आलं की मग ‘डिस्-इ’ आणि शेवटी ‘अँटि’ जोडा. पुढून सुरुवात केली तर दम ‘लिश्’पाशीच संपतो आणि नेमकं आघाताचं अक्षर मरतं.

अर्थ तर चक्क उलटा दिलाय. इथे ‘एस्टॅब्लिशमेंट’ म्हणजे चर्चला असलेली राज्याची अधिकृत मान्यता. ‘डिस’ म्हणजे ती काढणं, ‘अँटि’ म्हणजे काढण्याला विरोध. थोडक्यात, चर्चचं सरकारी स्थान टिकवा म्हणणारी ही बाजू. 19व्या शतकातल्या ब्रिटनमधला हा वाद. बहुसंख्य कॅथलिक आयर्लंडमध्ये अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथाचं, चर्च अधिकृत होतं. पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारने 1869च्या कायद्याने ते स्थान काढलं, अंमल 1871पासून. वेल्ससाठीचा कायदा 1914चा, पण महायुद्धामुळे अंमल 1920मध्ये. इंग्लंडचं चर्च मात्र आजही अधिकृत आहे; राजा त्याचा ‘सुप्रीम गव्हर्नर’, आणि हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, त्याच्या बिशपांना 26 जागा.