‘कोरलंय’ या उत्तराबद्दल आणि आपल्या चौकटीबद्दल

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून घेतलेल्या आरशाच्या कोरीव चौकटीला आठ महिन्यांत बारीक छिद्रे पडली, खाली पिवळसर पूड साचू लागली आणि फोन केल्यावर ‘ते कोरलेलेच आहे’ असे उत्तर मिळाले, अशी तक्रार आपण नोंदवली आहे. आपण पाठवलेली छायाचित्रे मी मोठी करून पाहिली. ती छिद्रे कारागिराची नाहीत, किड्याची आहेत, आणि दोष आमचा आहे.

आपल्याला ते उत्तर टोलवाटोलवीचे वाटले, म्हणून ते कसे दिले गेले हे सांगतो. फोन घेणाऱ्या मुलीने कार्यशाळेत विचारले तेव्हा मिस्त्री ‘कोरलंय ते’ एवढेच म्हणाले. आमच्याकडे हा शब्द दोघांसाठी चालतो: कारागीर पटाशीने वेलबुट्टी कोरतो, आणि किडा लागला तरी ‘फळी कोरलीय’ असेच म्हणतात. मिस्त्रींना किडा म्हणायचा होता. तिने नक्षी समजून आपल्याला तसे सांगितले. मराठीत लेणी कोरतात, भुवया कोरतात आणि दातही कोरतात, त्यामुळे कोण कोरतो आहे हे कळल्याशिवाय या क्रियापदाचा अर्थ लागत नाही. ‘पोखरलंय’ म्हटले असते तर घोटाळा झाला नसता, कारण नक्षीकामाला पोखरणे कोणी म्हणत नाही. लाकूड खाता खाता घुणाच्या वाटेचे एखादे अक्षर उमटले, तरी घुणाला लिहिता येते असे कोणी मानत नाही. ‘घुणाक्षरन्याय’ या जुन्या शब्दात हाच भेद आहे, आणि तो ग्राहकाशी बोलताना आम्ही पाळायला हवा होता.

आपण जिला भुसा म्हटले आहे ती पूड चिमटीत घेऊन पाहावी. पटाशीखाली ढलप्या निघतात, करवतीखाली रवाळ भुसा पडतो. ही मात्र मैद्यासारखी मऊ लागेल. हे काम भुंगेऱ्याच्या अळीचे आहे. (भुंगा निराळा, तो घरट्यासाठी लाकूड पोखरतो, खात नाही.) मादी लाकडाच्या उघड्या रंध्रांत अंडी घालते, अळी आतला पिष्टमय अंश खात महिनोन् महिने राहते, आणि पूर्ण वाढलेला भुंगेरा एक-दोन मिलिमीटरचे छिद्र पाडून बाहेर पडतो. म्हणजे आपल्याला दिसते ती बाहेर पडण्याची वाट आहे, आणि म्हणूनच कीड आपल्या घरी लागली असे मी म्हणणार नाही. हा किडा गाभ्याच्या लाकडाला सहसा लागत नाही, त्याला सालीलगतचा पांढरा भाग लागतो. आपल्या छायाचित्रांतली सगळी छिद्रे चौकटीच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीत आहेत. ती पट्टी आम्ही काढून टाकायला हवी होती. पॉलिशच्या रंगाने ती गाभ्यासारखी दिसू लागली आणि तपासणीत सुटली, याची मला मनापासून खंत वाटते.

चौकट आम्ही आमच्या खर्चाने परत नेऊ आणि तीच नक्षी निव्वळ गाभ्याच्या लाकडात पुन्हा कोरून देऊ, किंवा आपली इच्छा असल्यास पूर्ण रक्कम परत करू. नवे लाकूड कोरण्याआधी भट्टीत तापवले जाईल. लाकडी पॅकिंगसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमात आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राखावे लागते, त्याहून कमी आम्ही धरणार नाही. आमचा माणूस येईपर्यंत चौकट प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून इतर लाकडी सामानापासून दूर ठेवावी, आणि छिद्रांत वरून पॉलिश किंवा मेण भरू नये, कारण त्याने आतली अळी मरत नाही.