नूतनीकरण करायचंय? आधी माणसं बाजूला करा

तुमच्या ताब्यात एखादी जुनी, नीट चाललेली वास्तू आली असेल, म्हणजे घर, ऑफिस, चौक, काहीही, तर अभिनंदन. आता ती नीट चालणं थांबवायचं काम तुमचं. घाबरू नका, हे वाटतं तेवढं अवघड नाही, आमच्याकडे बरीच मंडळी हेच करून नाव कमावून बसलीयत.

सगळ्यात आधी शब्द बदला. चुकूनसुद्धा ‘दुरुस्ती’ म्हणू नका. दुरुस्ती म्हटलं की लोक गळणारं छत, तुंबलेली मोरी, रात्री बंद पडणारा दिवा असल्या क्षुल्लक गोष्टी काढतात आणि मग त्या कराव्या लागतात. ‘रीइमॅजिन’ म्हणा. रीइमॅजिन केलेल्या वास्तूत छत गळत असेल तर तो पावसाशी संवाद असतो.

मग रेंडर, म्हणजे न बांधलेल्या वास्तूचं कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र. संध्याकाळचंच करा, दुपारी बारा वाजता कुठलीच इमारत सुंदर दिसत नाही. आकाश जांभळं, जमीन नुकती पुसल्यासारखी, आणि माणसं टाकायची ती ठरलेलीच, एक सायकलवाला, एक कुत्रं फिरवणारी बाई, एक लाल फुगा घेतलेलं पोर. मी आजवर इतकी रेंडरं पाहिली की ते पोर आता मला ओळखीचं वाटतं, प्रत्येक चौकात हेच फुगा घेऊन उभं आणि चौक खरा तयार झाला की गायब. रेंडरमध्ये काय नसतं हेही पाठ करून ठेवा. एसीची बाहेरची युनिटं नसतात, वाळत घातलेले कपडे नसतात, वायरी नसतात, म्हातारी माणसं नसतात. असली तर एकच, पांढऱ्याशुभ्र केसांची, आणि तीही पळायला निघालेली.

घरापासून सुरुवात करू. घरात भिंत दिसली की पाडायची, नियम सोपा आहे. आमच्याकडे डिझायनर आले होते (नाव घेत नाही, माणूस स्वभावाने गोड होता), त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोनदा टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, ही गेली की घर श्वास घेईल. गेली. घराने इतका श्वास घेतला की आता स्वयंपाकाचा वास गाद्यांना, पडद्यांना, पुस्तकांना येतो, आणि मिक्सर लावायच्या आधी मी बाहेरच्या खोलीत फोनवर असलेल्या माणसाची रीतसर परवानगी घेतो. कपाटांना हँडल ठेवली नाहीत, कारण हँडल म्हणजे व्हिज्युअल नॉइज, डोळ्यांना होणारा गोंगाट. दाबलं की उघडतं. आता झालंय असं की ओट्याला टेकून उभं राहिलं तरी कमरेच्या दाबाने खालचा ड्रॉवर हळूच बाहेर येतो, गुडघ्यावर आपटतो, आणि पाहुण्यांना वाटतं आम्ही काहीतरी दाखवतोय. फोटो मात्र जबरदस्त आलेत.

ऑफिसचं तर विचारूच नका, तिथे भिंती पाडायला कारणही लागत नाही, ‘कोलॅबोरेशन’ एवढं म्हटलं तरी चालतं. तशी या धंद्याची परंपरा थोर आहे. रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाच्या भल्या माणसाने १९६० च्या दशकात हर्मन मिलर कंपनीसाठी ‘अ‍ॅक्शन ऑफिस’ काढलं, माणसाला हलता यावं, उभं राहून काम करता यावं, हवा तेवढा आडोसा मिळावा म्हणून. कंपन्यांनी त्यातला आडोसा तेवढा उचलला, काटकोनात दाबून बसवला आणि जगाला क्युबिकल मिळालं. पुढे क्युबिकल वाईट ठरलं म्हणून तोही आडोसा काढला. मग २०१८ साली हार्वर्डच्या दोघा संशोधकांनी मोठ्या कंपन्यांच्या दोन मुख्यालयांत माणसांच्या अंगावर सेन्सर लावून मोजलं, तर भिंती काढल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालेलं आणि ईमेल वाढलेले. तुम्ही हा अभ्यास प्रेझेंटेशनमध्ये टाकू नका म्हणजे झालं.

आमच्या ऑफिसात तर लांबच लांब एक टेबल आहे, त्यावर सोळा माणसं आणि सोळा हेडफोन, शेजारच्याला पेन हवं असलं तर तो मेसेज करतो. खरं बोलायचं असेल तर फोन बूथमध्ये जायचं, फोन बूथ म्हणजे पाडलेल्या भिंती गोळा करून एका माणसाभोवती परत उभ्या केलेल्या असतात. आणि हो, बसायला रुंद पायऱ्या पाहिजेतच. त्यांच्यावर कोणी बसत नाही, पण नवीन माणसाला ऑफिस दाखवताना तिथे थांबून ‘इथे आयडिया येतात’ असं म्हणायची सोय होते.

काच भरपूर वापरा. अ‍ॅपलच्या कॅलिफोर्नियातल्या नव्या मुख्यालयात २०१८ साली माणसं काचांवर जाऊन आपटली, डोकी फुटली, मदतीसाठी फोन गेले, आणि काहींनी म्हणे काच दिसावी म्हणून तिच्यावर पिवळे चिकट कागद लावले तर डिझाइन बिघडतं म्हणून तेही काढले गेले, असं तेव्हा छापून आलं होतं. याला म्हणतात निष्ठा. डोकं काय, टाके घालून जोडता येतं.

आता सार्वजनिक जागा. इथे तुमची खरी कसोटी, कारण इथे वापरणारा माणूस क्लायंट नसतो. बाकडं असं करा की बसता येईल पण बसवणार नाही. लंडनच्या कॅम्डन भागात २०१२ मध्ये एक काँक्रीटचं बाकडं काढलं, सगळीकडून उतरतं, त्यावर झोपता येत नाही, स्केटबोर्ड चालत नाही, कचरा लपवायला फट नाही, रंग फासला तर टिकत नाही. काय काय होऊ नये याची यादी इतकी लांब झाली की बसणं हे शेवटी कुठेतरी बारीक अक्षरात राहिलं असावं.

पुलाचं म्हणाल तर व्हेनिस बघा. पाण्याचं शहर, दमट हवा, धुकं, बॅगा ओढत येणारी माणसं, तिथे सांतियागो कालात्रावा या आर्किटेक्टने २००८ मध्ये नव्या पुलाच्या पायऱ्यांत काच घातली. लोक घसरायला लागले, पायऱ्यांची मापं अशी की खाली बघून चालावं लागतं आणि खाली बघितलं तर समोरचं सुंदर शहर दिसत नाही. व्हीलचेअरवाल्यांचा विचार नंतर सुचला, मग कठड्याच्या बाजूने सरकणारी एक केबिन बसवली आणि २०२० मध्ये ती काढूनही टाकली. २०१९ मध्ये तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयाने कालात्रावांना ७८ हजार युरो भरायला सांगितले, आणि शेवटी काच काढून दगड घालायचं ठरलं. दगड! आधीच घातला असता तर एवढा इतिहास घडला असता का?

टेकडीही करता येते. लंडनला मार्बल आर्चजवळ २०२१ च्या जुलैमध्ये २५ मीटर उंच मचाण बांधून त्यावर माती आणि गवत घातलं, महामारीनंतर खरेदीला लोक परत यावेत म्हणून. रेंडरमध्ये हिरवागार डोंगर, प्रत्यक्षात तहानलेलं गवत आणि खालचे पाइप. काही दिवसांत तिकिटाचे पैसे परत द्यावे लागले, खर्च ६० लाख पौंडांवर गेला, तिथल्या नगरपालिकेच्या उपनेत्याला राजीनामा द्यावा लागला, आणि पुढच्या जानेवारीत टेकडी बंद. लोक मात्र आले, टेकडी किती वाईट आहे ते बघायला! म्हणजे उद्देश सफलच झाला म्हणायचा.

झाडं उंचावर लावायची असतील तर लावा, मिलानच्या दोन मनोऱ्यांवर सुमारे ८०० झाडं आहेत आणि ती तग धरून आहेत, पण त्यासाठी दोराला लटकून काम करणारे माळी आहेत. तुम्ही फक्त झाडं दाखवा. दोर दाखवू नका, दोर दाखवला की कोणीतरी विचारतं, याचा मेंटेनन्स कोण भरणार.

एवढं सगळं करूनही एक धोका उरतो आणि तो मी जरा दबक्या आवाजातच सांगतो. फ्रान्समध्ये लाकातों आणि वासाल नावाचं आर्किटेक्ट जोडपं आहे. १९९६ मध्ये बोर्दोच्या नगरपालिकेने त्यांना एक चौक सुशोभित करायला दिला. ही दोघं तिथे जाऊन बसली, बाकड्यांवर बसणाऱ्यांशी बोलली, परत परत गेली आणि सांगून आली की चौक छान आहे, काही बांधू नका, खडी नवी टाका, झाडांना औषधपाणी करा, झाडलोट नीट करा. बास!! विचार करा, आर्किटेक्ट येतो आणि म्हणतो काही करायची गरज नाही, याच्यापुढे आपण तोंड कुठे दाखवायचं.

बरं, तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच शहरात १९६० च्या दशकातल्या तीन मोठ्या इमारती होत्या, ५३० घरं, पाडाव्यात अशी चर्चा होती. यांनी, सोबत आणखी दोन आर्किटेक्ट घेऊन, काही न पाडता बाहेरून प्रत्येक घराला काचेची बंद करता येणारी खोली आणि बाल्कनी जोडली, जवळपास पावणेचार मीटर खोल. जुन्या छोट्या खिडक्यांच्या जागी सरकते दरवाजे आले. काम चालू असताना माणसं तिथेच राहत होती, प्रत्येक घराचं काम दोनेक आठवड्यांत उरकलं, भाडं वाढलं नाही. २०१९ ला वास्तुकलेतला युरोपचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार, २०२१ ला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्टांचं नोबेलच म्हणा. या बाल्कन्यांचे फोटो बघाल तर धक्का बसेल, खुर्च्या, सायकली, कुंड्या, वाळत घातलेले कपडे, सगळा पसारा तसाच.

हे फोटो क्लायंटला दाखवू नका. साइटवरच्या जुन्या वॉचमनलाही शक्यतो टाळा, तो पंधरा वर्षं तिथे बसलेला असतो आणि त्याला काही विचारलं तर तो रेंडरकडे बघतसुद्धा नाही, सरळ जिन्याखाली नेतो आणि म्हणतो, साहेब, बाकी सगळं ठीक आहे, हा एवढा पाइप बदला.