‘तिनेच पाठवले होते’ हा बचाव नाही

मी मुंबईत फौजदारी वकिली करते. खासगी फोटो, व्हिडिओ व्हायरल केल्याच्या गुन्ह्यांत मी फिर्यादी मुलींच्या बाजूने काम केलंय आणि आरोपींचं वकीलपत्रही घेतलंय. बाई असून तुला हे करवतं कसं, असं एका मैत्रिणीने मागच्या आठवड्यात विचारलं. रागाने नाही, मनापासून विचारलं. तिच्याशी बोलताना जे सुटं सुटं सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवते.

आरोपीचा बचाव झालाच पाहिजे, आणि तो मुलीच्या अब्रूवर उभा राहता कामा नये. मला या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटत नाहीत. उलट इतक्या वर्षांच्या कामातून माझं मत असं झालंय की मुलीच्या चारित्र्यावर घसरणारा वकील तिचं नुकसान करतोच, पण स्वतःच्या अशिलालाही बुडवतो.

अशा केसमध्ये ऑफिसात सहसा अख्खं कुटुंब येतं. वडील गप्प, आई रडवेली, मुलगा खाली मान घालून. बोलायचं काम मामा नाहीतर काका करतो. तो पिशवीतून प्रिंटआउटचा गठ्ठा काढतो आणि म्हणतो, “मॅडम, फोटो तिनेच पाठवले होते. सगळं चॅट आहे आमच्याकडे.” त्याच्या मते केस तिथेच संपलेली असते. मी त्याला सांगते, दादा, तुम्ही आत्ता सरकारी वकिलांचं अर्धं काम करून दिलंत. फोटो तुमच्या मुलाच्या फोनमध्ये होते, हे सिद्ध करायला त्यांना महिनोन्‌महिने लागले असते. तुम्ही ते प्रिंट काढून आणलंय.

कायदा याबाबतीत स्वच्छ आहे. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड विधानात ३५४-सी हे कलम आलं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम ७७ म्हणून आहे. त्याच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की बाईने फोटो काढायला संमती दिली असेल, पण तो तिसऱ्या माणसाला दाखवायला दिली नसेल, आणि तरी तो पसरवला गेला, तर तो गुन्हाच. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं कैद, पुन्हा केलं तर तीन ते सात. म्हणजे तिने प्रेमात असताना फोटो पाठवले, हसत पाठवले, स्वतःहून पाठवले, यातल्या कशानेही पुढे पाठवण्याचा परवाना मिळत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ४८ तर आणखी पुढे जातं. संमतीचा प्रश्न असेल तर तिचं चारित्र्य, तिचे आधीचे संबंध हा पुरावा गैरलागू आहे. तरीही उलटतपासणीत “याआधी तुमचे किती मित्र होते?” हा प्रश्न येतोच. न्यायाधीश तो नाकारतात, पण तोवर ती मुलगी भर कोर्टात कोसळलेली असते. मला त्या प्रश्नाची मनस्वी चीड आहे.

(कलम ७७ फक्त स्त्रीच्या फोटोंबद्दल आहे. पुरुषांचे व्हिडिओही पसरवले जातात, त्यांना धमकावून पैसेही उकळले जातात. त्यांनी गप्प बसू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई (खासगीपणाचा भंग) आणि ६७-ए या कलमांत स्त्री-पुरुष असा भेद नाही.)

आता ६७-ए बद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. लैंगिक कृती दाखवणारा मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं, असा हा गुन्हा. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, शिवाय अजामीनपात्र. पोलिस हे कलम लावतातच, कारण त्याशिवाय अटकेचा जोर येत नाही. पण या कलमात संमतीबद्दल चकार शब्द नाही. त्याचा सगळा रोख अश्लीलतेवर आहे. कागदावर बघितलं तर प्रेयसीने प्रियकराला पाठवलेला पहिला व्हिडिओसुद्धा त्यात बसवता येतो, आणि काही वकील नेमकं हेच हत्यार वापरतात. “तू पण पाठवलास ना? मग तुझ्यावरही ६७-ए लावू.” भोईवाडा कोर्टाबाहेर फुटपाथवर एका मुलीला हे ऐकवताना मी पाहिलंय. ती तक्रार मागे घ्यायला निघाली होती. याला मी बचाव म्हणत नाही, ही धमकी आहे. आणि यात कायद्याचीही चूक आहे. गुन्हा तिचा विश्वास आणि तिचा खासगीपणा मोडण्याचा आहे. तो अश्लीलतेच्या कलमाखाली चालवला की संशयाची सुई तिच्याकडेही वळते. हे कलम संमतीच्या पायावर नव्याने लिहायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मग आरोपीचा खरा बचाव कुठे असतो? तो एका प्रश्नात असतो: पाठवलं कोणी?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. नंबर मुलाच्या नावावर असतो, पण फोन घरात तिघं वापरतात. व्हॉट्सॲप ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडं राहिलेलं असतं. स्क्रीन बदलायला फोन दुरुस्तीच्या दुकानात पासवर्डसकट दिलेला असतो आणि दोन दिवस तिथेच असतो. इन्स्टाग्रामवर खोटं अकाउंट उघडून फोटो टाकले गेले असतील तर पोलिस कंपनीकडून आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, मागवतात. मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी एका वेळी कित्येक ग्राहकांमध्ये वाटलेला असतो. नेमकी वेळ आणि पोर्ट नंबर असल्याशिवाय त्यातून माणूस सापडत नाही. वेळेचीही गंमत नाही, गंभीर भानगड आहे. परदेशी कंपन्यांच्या नोंदी बहुतेकदा जागतिक प्रमाणवेळेत येतात, आपली वेळ साडेपाच तास पुढे. रात्री साडेदहाची नोंद म्हणजे आपल्याकडे पहाटेचे चार. हा फरक न धरता चुकीच्या ग्राहकाचं नाव निघालं, तर नको त्या घरावर पोलिस येतात. हे तपासणं वकिलाचं काम आहे. तिच्या कपड्यांबद्दल प्रश्न तयार करण्यात जो वेळ जातो, तो इथे द्यावा.

पुराव्याचंही तसंच. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून खोतकर आणि गोरंट्याल या उमेदवारांमध्ये वाद झाला. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर भरला का, हे ठरवायला निवडणूक कार्यालयाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग पुढे आलं, पण ते कोणत्या उपकरणातून, कसं काढलं हे सांगणारं कायद्याचं प्रमाणपत्र त्याला नव्हतं. तो वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०२० मध्ये कोर्टाने ठरवलं की मूळ उपकरण हजर केलेलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला प्रमाणपत्र हवंच. आपल्या मराठवाड्यातल्या निवडणुकीतून आलेला हा निकाल आज देशभर अशा केसेसमध्ये रोज वापरला जातो. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत आहे, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, लिहावी लागते आणि तज्ज्ञाची सही लागते. फिर्यादीच्या मैत्रिणीने काढलेल्या स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट कोणीतरी पोलिसांना दिला, एवढ्यावर कोणाला शिक्षा होऊ नये. फोन जप्त करताना पंचनाम्यात काय लिहिलं, सील कधी लागलं, कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये पोचेपर्यंत तो कोणाच्या कपाटात होता, हे विचारणं म्हणजे पीडितेवर अन्याय नाही. खरं तर हे नीट झालं तर तिचीच केस पक्की होते. जे पोलिस सील, हॅश, पंचनामा चोख ठेवतात, त्यांच्या केसमध्ये आरोपीच्या वकिलाला बोलायला फारसं उरत नाही.

“मला आलं, मी फक्त फॉरवर्ड केलं” हे मात्र चालत नाही. फॉरवर्ड करणं म्हणजेच पसरवणं. ग्रुप ॲडमिनचं वेगळं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू असल्याशिवाय, निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही.

आणि मुलगी अठराच्या खालची असेल तर संमती हा शब्दच विसरा. तिथे पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, लागतो. पुढे पाठवणं सोडा, जवळ ठेवणंही अंगाशी येतं.

ज्यांच्या घरी पोलिसांची नोटीस आली आहे त्यांच्यासाठी थोडंसं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही, ती का गरजेची आहे हे पोलिसांना लेखी नोंदवावं लागतं. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार निकालात ते बजावलंय. आधी हजर राहण्याची नोटीस येते. नोटिशीप्रमाणे हजर राहा, वकील आजच गाठा, परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा. फोन फॉरमॅट करू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि तुम्हाला निर्दोष ठरवणारी नोंदही त्याच फोनमध्ये असू शकते. मुलीला फोन करू नका. तिच्या आईला तर नाहीच.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आरोपीला त्याच्याविरुद्धचा पुरावा मिळायला हवा, हा त्याचा हक्क. पण पुरावा म्हणजे तोच व्हिडिओ असेल तर? त्याची प्रत आरोपीच्या हातात देणं म्हणजे गुन्हा पुन्हा घडवणं. केरळच्या एका अभिनेत्रीवरच्या अत्याचाराच्या खटल्यात हा पेच आला होता. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये मार्ग काढला: प्रत मिळणार नाही, पण आरोपी, त्याचा वकील आणि त्याचा तज्ज्ञ कोर्टाच्या देखरेखीखाली तो पाहू शकतात, आणि स्वतंत्र तज्ज्ञाचं मतही घेऊ शकतात. दोघांचा मान राखणारा इतका नेटका तोडगा मी क्वचित पाहिलाय. तरी आपल्याकडे दोषारोपपत्रासोबत असे पेनड्राइव्ह बिनबोभाट दिले जातात. मी ते घेत नाही. पाहणीसाठी अर्ज करते.

अशांना वकीलच मिळू नये, असं म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देते. २६/११ नंतर याच शहरात वकिलांच्या संघटनेने आरोपींचं वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला होता. त्याच खटल्यात २०१० मध्ये दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले आणि सुप्रीम कोर्टाने त्यांची सुटका कायम ठेवली. त्यांच्या बाजूने कोणी उभंच राहिलं नसतं तर?

समझोत्याबद्दलही लिहायला हवं, कारण निम्म्या केसेस तिथेच येऊन थांबतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७७-ए नुसार बाईविरुद्धचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. मग दोन्ही कुटुंबं हायकोर्टात एफआयआर रद्द करायला येतात, तिचं प्रतिज्ञापत्र घेऊन. तिचं लग्न ठरलेलं असतं, आई-वडिलांना विषय संपवायचा असतो. मी आरोपीकडून असले तरी तिला एकटीला विचारा, असं तिच्या वकिलांना सांगते. आणि माझ्या अशिलाकडून लेखी घेते: प्रती कुठे कुठे आहेत, जुन्या फोनमध्ये, गुगल फोटोजमध्ये, भावाच्या लॅपटॉपवर, सगळं. ती यादी प्रतिज्ञापत्रावर आली आणि त्या प्रती कोर्टासमोर नष्ट करायला तो तयार झाला, तरच मी त्या अर्जावर सही करते. यावरून दोन अशील मला सोडून दुसऱ्या वकिलाकडे गेले.