एफ-३५ घ्या म्हणता, पण कुठलं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी मोदींच्या शेजारी उभं राहून अमेरिकेचं एफ-३५ हे लढाऊ विमान भारताला देण्याची भाषा केली. तेव्हापासून आमच्या ठाण्यात उपवनला सकाळी चालायला येणाऱ्या मंडळींनी सौदा पक्का करून टाकलाय. टपरीवरचा चहा संपेपर्यंत दोन स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या दोन तुकड्या, येतातच.

मी एवढंच विचारतो: ए, बी की सी? की गप्प बसतात.

नाव एक असलं तरी कामं तीन आहेत. ए साध्या धावपट्टीवरचं. सीचे पंख मोठे, ते कॅटपल्टने, म्हणजे डेकवरच्या ढकलयंत्राने, विमानवाहू नौकेवरून फेकलं जातं. बी थोडक्या धावेत उडतं आणि उभं खाली येतं. आपल्या विक्रांत आणि विक्रमादित्यवर कॅटपल्ट नाही, पुढे उचललेला स्की-जंप आहे. म्हणजे सी बाद. ए नौकेसाठी बनलेलंच नाही. नौदलासाठी उरलं बी, आणि खरी गोम तिथेच आहे.

उभं उतरण्यासाठी वैमानिकाच्या मागे एक भलामोठा पंखा बसवलाय, त्याने इंधनाची जागा खाल्ली. एच्या पोटात साधारण ८,३०० किलो इंधन मावतं, बीच्या ६,००० च्या आसपास. बॉम्बही आत लहानच बसतात. आमच्या बिल्डिंगमधले एक काका नौदलात सी हॅरियर या उभं उतरणाऱ्या जुन्या विमानावर तंत्रज्ञ होते. त्यांचं म्हणणं, उभं उतरताना सगळं वजन इंजिनानेच पेलायचं असतं आणि अरबी समुद्रावरच्या उकाड्यात त्याचा जोर कमी पडतो. न डागलेली शस्त्रं घेऊन परत यायचं तर हिशेब जुळत नाही. ब्रोशरमध्ये हे सापडणार नाही.

ब्रिटिशांचंच बघा. आधी बी ठरवलं, २०१० मध्ये सीवर गेले, नौकेवर कॅटपल्ट बसवायचा खर्च पाहून २०१२ मध्ये पुन्हा बीवर आले. २०२५ मध्ये हवाई दलासाठी १२ ए घेणार म्हणून जाहीर केलं. एवढं मुरलेलं नौदल, तरी ही तऱ्हा!

म्हणून आपल्या नौदलासाठी एप्रिल २०२५ मध्ये झालेला २६ राफेल-मरीनचा, म्हणजे फ्रेंच राफेलच्या नौदल आवृत्तीचा, करार मला पटला. स्पर्धेत अमेरिकेचं सुपर हॉर्नेटही होतं. त्याचे पंख दुमडतात आणि दोन आसनी विमानही नौकेवर उतरतं. राफेलचं तसं नाही, आपल्या २६ पैकी ४ दोन आसनी विमानं जमिनीवरूनच उडणार. ही उणीव खरी आहे, झाकू नये. पण हवाई दलाकडे ३६ राफेल आधीच आहेत. सुटे भाग, क्षेपणास्त्रं, प्रशिक्षण यांतलं बरंचसं सामाईक.

हाच न्याय हवाई दल नव्याने घेऊ पाहतंय त्या ११४ लढाऊ विमानांना लावा. आज सुखोई, राफेल, मिराज, मिग-२९, जॅग्वार आणि तेजस अशी सहा जातींची विमानं आहेत, आणि सहाही जातींची इंजिनं वेगळी. त्यात सातवी जात आणायची हौस कशाला? ४२ स्क्वाड्रनची मंजुरी असून मिग-२१ निवृत्त झाल्यावर २९ उरल्या. अशा वेळी नवं विमान शिकण्यात वर्षं घालवू नयेत. राफेल महाग आहे, सॉफ्टवेअरच्या किल्ल्या फ्रेंचांकडेच राहतात, हे मान्य. पण एफ-३५ घेतलं तर अमेरिका किल्ल्या देईल, असं कुणाला वाटतं?

एका मुद्द्यावर मात्र काकांचं आणि माझं जमत नाही. हवाई दलाच्या ३६ राफेलमध्ये ८ दोन आसनी आहेत, नव्या खरेदीत हा वाटा वाढवावा असं मी म्हणतो. राफेल-बी, म्हणजे दोन आसनी राफेल, हे नुसतं शिकाऊ विमान नाही. फ्रेंच हवाई दल अण्वस्त्रांच्या मोहिमेसाठी दोन आसनीच वापरतं. पुढे सोबतीला ड्रोन उडू लागले की ते सांभाळायला मागे माणूस लागेल. काका म्हणतात, मागच्या खुर्चीपायी इंधनाची जागा घालवू नका, ड्रोनचं काम संगणक करेल. रविवारपासून वाद चालू आहे.